कंट्रोलरसाहेबांची नोंद

काळ कुणासाठी थांबत नाही, हे सत्य थोरामोठ्यांनी सांगून ठेवलेलं आहे आणि त्याच्यापुढे भल्याभल्या सम्राटांनी मान तुकवल्याचे दाखले इतिहासात आहेत. कंट्रोलरसाहेब मात्र काळासाठी थांबत असत. साधारण पाऊण तास.

कुठेही जायचं असलं की ते पाऊण तास आधी पोचत, मनगटावरचं घड्याळ एकदा पाहत आणि हात मागे बांधून उभे राहत. मग वेळ आपली धापा टाकत त्यांच्यापर्यंत येई. रेगेन्सबर्गमध्ये त्यांचा मुक्काम अवघा तीन महिन्यांचा. पण तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईंनी दुकान उघडण्याआधीच दार किलकिलं करून त्यांना 'गुटेन मॉर्गन' म्हणण्याची सवय लावून घेतली होती. जर्मन लोकांच्या वक्तशीरपणाबद्दल मी पहिल्याच भेटीत त्यांना कौतुकाने काही सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहिलं ना मी. वेळेवर येतात. पण वेळेवर येणं म्हणजे उशीरच झाला ना, इंजिनियर. गाडी आठची आहे तर आठला काय फलाटावर लावून राहिले तुम्ही?"

साहेब मूर्तिजापूरच्या एस.टी. स्थानकावरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. त्यांची मुलगी सुजाता इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करते आणि आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. जावई प्रशांत माझ्या कंपनीतला. पण त्या उन्हाळ्यात कंपनीने त्याला मेक्सिकोला पाठवलं होतं, त्यामुळे तो या हकिकतीत अगदी शेवटी येतो आणि तोही अर्धवट झोपेत. राहता राहिली नात मैत्री. वय सहा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. साहेबांना जर्मन अजिबात येत नव्हतं. तरी दोघांचं संभाषण तासन्‌तास चाले, कारण दोघंही समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसत. एकच भाषा बोलणाऱ्या घरांत हा प्रकार मी फारसा पाहिलेला नाही.

निवृत्तीने त्यांच्या हातातला माइक काढून घेतला होता. आवाज त्यांच्याकडेच राहिला होता. सकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरून खाली माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पोहे फलाट क्रमांक एकवर लागलेले आहेत." माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन बाईंनी एकदा मला जिन्यात अडवून विचारलं, वरचे गृहस्थ रोज सकाळी प्रार्थना म्हणतात का? घरात बुद्धाची मूर्ती त्यांनी पाहिलेली होती. मी म्हटलं, हो, एक प्रकारची. पुढे त्या बाई साडेसहाला रेडिओ बंद ठेवू लागल्या.

त्यांचा धर्म खरं तर रजिस्टर हा होता. लाल कापडी बांधणीचं, रकाने आखलेलं एक लांबट रजिस्टर त्यांनी येताना सामानात आणलं होतं. त्यात आगमन, निर्गमन आणि शेरा. सुजाता विद्यापीठात गेली की निर्गमन, आली की आगमन. माझ्या नावाचंही एक पान होतं. ते पाहिल्यावर मी कचरा टाकायला जाताना थोडा ताठ चालू लागलो. या रजिस्टरामागे एक तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी मला किमान दहादा ऐकवलं असेल. "गाडी स्टँडात आली. माणसं उतरली, माणसं चढली, गाडी गेली. पण कंडक्टरनं केबिनमध्ये येऊन नोंद नाही केली, शिक्का नाही घेतला. तर काय झालं?"

"गाडी निघून गेली," मी म्हणायचो.

"नाही. गाडी आलीच नाही."

या तत्त्वापायी त्यांना एकदा कारणे दाखवा नोटीसही मिळालेली होती. स्थानकातल्या नव्या स्वच्छतागृहाच्या उद्घाटनाला कुणी एक मंत्री दोन तास दहा मिनिटं उशिरा आले. बँड वाजला, नारळ फुटला, मंत्र्यांनी स्वच्छता आणि राष्ट्र यांच्या नात्यावर पाऊण तास भाषण केलं आणि गेले. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं : 'मंत्री. आगमन दोन तास दहा मिनिटे उशिरा. शेरा : कारण दिले नाही.' नोटिशीच्या उत्तरात त्यांनी फक्त त्या पानाची प्रत जोडली. ते प्रकरण नंतर कुणी वाढवलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा चार दिवसांचा होता.

मैत्री सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. जर्मनीत शाळेचा पहिला दिवस आपल्याकडच्या बारशाइतका, किंबहुना काकणभर जास्तच, थाटाचा असतो. मुलाच्या हातात त्याच्याच उंचीचा कागदी शंकू देतात, शुलट्यूटे. त्यात खाऊ, पेन्सिली, खेळणी. आजीआजोबा कोट घालून येतात, मुख्याध्यापिका भाषण करते. हे सगळं ऐकून साहेबांनी मैत्रीला शब्द दिला होता, "त्या दिवशी फाटकाशी सगळ्यात आधी तुझा आजोबा उभा असेल." मैत्रीने त्यावर करंगळी पुढे केली, त्यांनी करंगळीत करंगळी अडकवली आणि ते रजिस्टरमध्ये नोंदवलं.

व्हिसा नव्वद दिवसांचा. सुजाताने तिकीट काढलं होतं ते बरोबर हिशेब करून : शाळा मंगळवारी आणि बाबांचा परतीचा दिवस त्याच आठवड्यातला शुक्रवार. सगळं नीट बसत होतं. पण निघायच्या आधी साहेबांना राहवेना. ठरलेल्या दिवशीच निघायचं म्हणजे गाडी आठची आणि आठला फलाटावर, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी अकोल्याच्या एजंटाकडे परस्पर जाऊन तिकीट एक आठवडा अलीकडे आणलं आणि मुलीला आनंदाचा धक्का देत सात दिवस आधी येऊन पोचले. नव्वदावा दिवसही सात दिवस अलीकडे सरकला. तो आता शाळेच्या आदल्या शुक्रवारी येत होता. चार दिवस कमी.

आयुष्यभर वेळेआधी पोचलेल्या माणसाला वेळेआधी पोचल्याची शिक्षा पहिल्यांदाच होत होती. सुजाताने आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीला, मुदतवाढीबद्दल लिहून पाहिलं. मुदत गंभीर कारणासाठीच वाढते आणि नातीच्या शाळेचा पहिला दिवस हे कारण आनंदाचं असलं तरी गंभीर नाही, असं उत्तर आलं. उत्तर दोन परिच्छेदांचं होतं, अतिशय नम्र होतं आणि तिसऱ्याच दिवशी आलं.

"बाबा, आपण व्हिडिओ कॉल करू ना," सुजाता म्हणाली.

"हाव, हाव," साहेब म्हणाले. हे ते हार मान्य केल्यासारखं म्हणाले असं आम्हाला वाटलं. ते चुकीचं होतं.

ऑगस्टच्या शेवटी सुजाताला दोन दिवसांच्या परिषदेसाठी पोलंडमधल्या तोरुन नावाच्या गावी जायचं होतं. विस्तुला नदीकाठचं जुनं गाव, लाल विटांचा कोट, चर्चचे सुळके. प्रशांत नसल्यामुळे मैत्रीला बरोबर नेणं भाग होतं. मला सुट्टी होती आणि अशी गावं पाहायची खोड आहे, म्हणून गाडी मी चालवणार होतो. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तिथं काय पाहायचं? विटाच ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"पोलंड म्हणजे वेगळा देश ना?"

"हो."

"पैसेही वेगळे?"

"हो, झ्लॉटी."

"जाऊन येऊन किती दिवस?"

"गुरुवार ते रविवार. चार."

"मी येतो," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला इंजिनियर म्हणायचं सोडून चालक म्हणायला सुरुवात केली.

त्यांच्या मनात काय होतं ते मला तोरुनमध्ये कळलं, पण तुम्हाला आताच सांगून टाकतो. त्यांचा हिशेब असा होता : आपण चार दिवस जर्मनीबाहेर गेलो की ते चार दिवस नव्वदातून वजा होणार. जर्मनीचं नव्वदाचं मीटर तेवढा वेळ बंद. म्हणजे मुक्काम चार दिवसांनी पुढे सरकतो, शुक्रवारचा मंगळवार होतो आणि आजोबा फाटकाशी. फक्त एकच गोष्ट लागणार होती : बाहेर गेल्याचा शिक्का. कारण नोंद नाही, तर गाडी गेलीच नाही.

रेगेन्सबर्ग ते तोरुन जवळजवळ आठशे किलोमीटर. साहेब पुढच्या सीटवर, मांडीवर रजिस्टर. ड्रेस्डेन मागे पडलं तसा त्यांनी शर्ट बदलून इस्त्रीचा घातला, प्लास्टिकच्या पाकिटातून पासपोर्ट काढला आणि छातीशी धरून ताठ बसले. थोड्या वेळाने ताशी एकशे दहाच्या वेगाने आम्ही एका पुलावरून गेलो. खाली नायसे नदी होती, बाजूला एक निळी पाटी.

"सीमा कधी येईल?" साहेबांनी विचारलं.

"ती काय मागे गेली."

"थांबवा!"

"काका, इथे थांबता येत नाही."

"अहो, एंट्री राहिली ना! केबिन कुठं होती?"

"केबिन नाहीच. कुणी विचारत नाही इकडून जाताना."

साहेबांनी मान वळवून मागच्या काचेतून पुलाकडे पाहिलं. एखादा देश नोंदीशिवाय कसा सुरू होऊ शकतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर पुढचे साठ किलोमीटर लिहिलेलं होतं. मग एका पेट्रोलपंपावर कॉफीला थांबलो तेव्हा ते गल्ल्याशी गेले, पासपोर्ट उघडून धरला आणि म्हणाले, "स्टॅम्प, प्लीज." तिथल्या मुलीने हसून त्यांना एक कार्ड दिलं आणि त्यावर कॉफीच्या कपाचा शिक्का मारला. असे दहा झाले की अकरावी कॉफी फुकट.

"बाबा काय करून राहिले?" सुजाताने मला विचारलं. वडील जवळ असले की तिचं मराठीही वऱ्हाडात परत जाई.

"कॉफी घेतायत," मी म्हटलं. मलाही काहीच कल्पना नव्हती.

शुक्रवारी सुजाता परिषदेला गेली आणि आम्ही तिघं गाव पाहायला निघालो. माझ्या हातात मार्गदर्शक पुस्तक होतं. अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांना गावातली प्रत्येक वीट इतिहासाची साक्षीदार दिसते. साहेबांना तसं काही दिसत नव्हतं. कोटाच्या वेशीखाली उभं राहून ते म्हणाले, "यातून गाडी वळायची नाही." नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ त्यांनी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि शेरा लिहिला : 'दोन मिनिटे मागे.' नदीवर गेलो. विस्तुला तिथे चांगली रुंद आहे, संथ आहे, आणि पुस्तकाच्या मते राष्ट्राचा आत्मा आहे. साहेब बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वरती धरण कोणतं?"

चौकात एका शास्त्रज्ञाचा पुतळा आहे. तो या गावात जन्मला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याने युरोपला पटवून दिलं. मी वाचून दाखवत होतो : त्याने सूर्याला थांबवलं आणि पृथ्वीला गती दिली.

"म्हणजे सूर्य मध्ये बसला आणि बाकीचे फिरतात?"

"हो."

"कंट्रोलर मध्ये बसतो आणि गाड्या फिरतात," साहेब म्हणाले. "यात शोध कोणता लावला यानं?"

"एकटा बसला बिचारा," असं काहीसं मैत्री जर्मनमध्ये म्हणाली. साहेब म्हणाले, "हाव ना. ड्युटी असते."

मग आम्ही वाकड्या बुरुजापाशी आलो. कोटाचा हा बुरुज रस्त्याच्या बाजूने चांगला दीड मीटर झुकलेला आहे. त्याची एक दंतकथा आहे आणि ती पुस्तकात चौकटीत छापलेली होती : या भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात समोर धरून उभं राहायचं. जो तोल सांभाळेल तो निष्पाप. जो पुढे पडेल त्याच्या मनात पाप आहे.

"अंधश्रद्धा," साहेब म्हणाले. "भिंतच वाकडी आहे. मूर्तिजापूरच्या डेपोची भिंत एवढी वाकली असती तर साहेब सस्पेंड झाले असते. इथं तिकीट लावून राहिले."

पण मैत्रीने हट्ट धरला. आधी ती उभी राहिली आणि पडली. मी उभा राहिलो आणि पडलो. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मग साहेबांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं, टाचा भिंतीला लावल्या, छाती काढली आणि हात पुढे केले. ते दोन सेकंदांत पडले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा मैत्रीने त्यांना पोटाशी धरून भिंतीवर दाबून ठेवलं, तर दोघं मिळून पडले. मैत्री टाळ्या पिटत "नोख माल, नोख माल" ओरडत होती, म्हणजे अजून एकदा. साहेब मात्र शर्ट झटकत गंभीर झाले होते.

"गुरुत्वमध्याचं काम आहे, काका," मी म्हटलं.

"ते कळते मला. मॅट्रिकला सायन्स होतं." मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "पण एक गोष्ट आहे, चालक. मी तुम्हाला आणि पोरीला खोटं सांगून आलो." आणि त्या बुरुजाच्या सावलीत त्यांनी मला सगळा हिशेब सांगितला : चार दिवस, बंद मीटर, शुक्रवारचा मंगळवार. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "शिक्का तेवढा बाकी आहे. सुजाताला सांगू नका. तिला सरप्राइज देतो."

मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. या नव्वद दिवसांच्या हिशेबाला जर्मनी आणि पोलंड हे दोन देश नाहीत; सगळे मिळून एकच कुंपण आहे आणि आम्ही त्याच्या आतल्या आत आठशे किलोमीटर हललो होतो. एवढं एक वाक्य. पण मैत्री त्यांचं बोट धरून उभी होती, तिला मराठी सगळं कळतं आणि आजोबा मंगळवारी फाटकाशी असणार हे ऐकून तिचा चेहरा जो झाला होता त्याच्यासमोर ते वाक्य मला बोलता आलं नाही. मी उद्या सांगू म्हटलं. इतरांच्या भोंगळपणावर हसत आलेल्या माणसाचा हा भोंगळपणा. भिंतीने मला उगाच नव्हतं पाडलं.

शनिवारी साहेबांनी शिक्क्यासाठी गाव पालथं घातलं आणि त्यांच्या मागे मी. पोस्टातल्या बाईंनी पासपोर्टला हात न लावता एक पोस्टकार्ड विकलं, त्यावर शिक्का मारला आणि ते पेटीत टाकून दिलं. पत्ता साहेबांनी मूर्तिजापूरचा घातला होता. आले आणि मध घातलेल्या खुसखुशीत वड्या हे या गावाचं शेकडो वर्षांचं वैभव. त्यांच्या संग्रहालयात लाकडी साच्यात पीठ दाबून आपली वडी आपणच करायची असते. मैत्रीने हृदय केलं. साहेबांनी उमटलेला ठसा निरखून पाहिला, भट्टीवाल्याला विचारलं, "यावर तारीख येते का?" येत नव्हती.

आणि मग चौकातल्या पर्यटकांच्या कचेरीत ते घडलं. पोलंडमध्ये हौशी प्रवाशांची एक जुनी रीत आहे : ज्या गावी जायचं तिथला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा. त्यासाठी खिडकीशेजारी एका टेबलावर शाईची गादी आणि दोरीला बांधलेला लाकडी शिक्का ठेवलेला असतो. कुणाला विचारायचं नाही, आपला आपण मारायचा. शिक्क्यावर गावाची खूण होती : हातात किल्ली घेतलेला देवदूत, त्याच्या पुढ्यात तीन बुरुजांची वेस आणि खाली गावाचं नाव.

मी नकाशा घेऊन वळलो तर साहेब टेबलाशी उभे. पासपोर्टचं कोरं पान उघडलेलं, डाव्या हाताने नीट सपाट केलेलं. शिक्का शाईत दोनदा दाबून, दट्ट्यासारखा वर उचललेला. त्या हाताने आयुष्यात किती हजार गाड्या रवाना केल्या असतील, ते त्या उचलण्यातच दिसत होतं. मैत्री श्वास रोखून पाहत होती.

"काका, थांबा!"

हात वरच राहिला. पासपोर्टवर असा हौशी शिक्का मारला तर तो पासपोर्टच विमानतळावर चालेनासा होऊ शकतो, हे मी घाईघाईने सांगितलं. आणि मग ते कालचं वाक्यही सांगितलं. मी शोधत होतो तो शब्द त्या क्षणी आपोआप सापडला.

"काका, जर्मनी आणि पोलंड एकाच विभागात येतात."

हात हळूहळू खाली आला. "एकाच विभागात?"

"हो. डेपो वेगळे, विभाग एक. नव्वद दिवस सगळ्या विभागाचे मिळून आहेत."

"म्हणजे चार दिवस वजा नाही होत."

"नाही."

"शिक्का मारला तरी?"

"तरी."

साहेबांनी शिक्का गादीशेजारी टेकवला. "विभाग नाही बदलला तर ड्युटी चालूच राहते," ते स्वतःशीच म्हणाले. "ते बरोबर आहे. आमच्याकडेही तसंच आहे." मग माझ्याकडे वळून, "काल बुरुजापाशी माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"म्हणून पडले तुम्ही."

मैत्रीने त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. "कॉम्स्ट दू निष्ट?" तिने विचारलं. येणार नाहीस का तू? आत्तापर्यंत तिच्या जर्मनला ते अंदाजाने उत्तर देत. हे त्यांना अंदाजाशिवाय कळलं.

"गाडी रद्द झाली बेटा," ते म्हणाले. "माह्याच चुकीनं झाली. आठ दिवस आधी येऊन बसलो ना मी."

दिवस सात होते. पण माझ्या ओळखीत त्यांनी आकडा चुकवण्याची ती एकच वेळ, म्हणून मी दुरुस्त केलं नाही.

शिक्क्यावरची शाई वाळत चालली होती. वाया घालवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी टेबलावर ठेवलेलं रजिस्टर ओढलं, त्या दिवसाच्या पानावर तो देवदूत ठसठशीत उमटवला, बाजूला लिहिलं : 'तोरुन. आगमन ११.४०. शेरा : निष्फळ.' मग मैत्रीचाही तळहात पुढे आला, त्यावरही एक उमटवला. तिने तो दोन दिवस धुतला नाही.

रविवारी परतताना जर्मनीच्या हद्दीत शिरतेवेळी मात्र पोलिसांची तपासणी होती. एका तरुण पोलिसाने खिडकीतून साहेबांचा पासपोर्ट घेतला, पानं चाळली, "गुटे फार्ट", म्हणजे शुभ प्रवास, म्हणाला आणि परत दिला. साहेबांनी तो मुकाट्याने पाकिटात ठेवला. गाडी पुढे गेल्यावर म्हणाले, "माणूस आहे, वर्दी आहे, रांग आहे. शिक्का नाही. चालवतात कसं हे लोक?"

"बाबा, तुम्ही नक्की कसला शिक्का शोधून राहिले चार दिवस?" मागून सुजाताने विचारलं. तेव्हा तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "मला सांगायचं ना बाबा. एका मिनिटात सांगितलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," साहेब म्हणाले.

उरलेल्या दिवसांत त्यांनी शाळेचा मार्ग आखला. रोज सकाळी आजोबा आणि नात घरापासून शाळेपर्यंत चालत, साहेब घड्याळ पाहत आणि मैत्री वाटेतली ठिकाणं ओरडून सांगत असे. तीन दिवसांच्या सरासरीवरून वेळापत्रक तयार झालं आणि फ्रिजवर लागलं : घर सुटणे ७.१०, बेकरी ७.१६, सिग्नल ७.२१, शाळा ७.३२. शुक्रवारी सकाळी, विमानाच्या दिवशी, साहेबांनी कोट घातला. रिकामी शुलट्यूटे मैत्रीच्या हातात दिली आणि आम्हाला सगळ्यांना घेऊन त्या वेळापत्रकाने शाळेवर गेले. सुट्टी होती. बंद फाटकासमोर त्यांनी दोन पावलं पुढे जाऊन जागा घेतली, हात मागे बांधले आणि सगळ्यात आधी उभे राहिले. सुजाताने फोटो काढला. मग ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि दुसरा मी काढला.

"गाडी वेळेआधी सोडता येत नाही," साहेब म्हणाले. "पण फलाटावर लावून ठेवता येते."

म्युनिकच्या विमानतळावर आम्ही पाच तास आधी पोचलो. निघताना त्यांनी लाल रजिस्टर मैत्रीच्या हवाली केलं आणि मला म्हणाले, "बरं, चालक. जय भीम." तपासणीच्या पलीकडे दिसेनासे झाल्यावर दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"मारला शिक्का. इथं मारला बरं त्यांनी. तारीख एकदम स्पष्ट आहे."

तारीख बरोबरही होती. अडचण तीच होती.

मंगळवारी सकाळी मैत्री सहाला उठली. प्रशांत आदल्या दिवशीच मेक्सिकोहून आला होता आणि कुठल्या खंडात आहोत याबद्दल त्याच्या मनात अजून संदेह होता. सुजाता म्हणत होती, "मैत्री, अजून खूप वेळ आहे, निमंत्रणावर लिहिलंय बघ." मैत्री पाठीला दप्तर, एका हातात शुलट्यूटे, दुसऱ्या हातात रजिस्टर घेऊन दाराशी उभी होती. फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवून तिने आम्हाला एकच शब्द सुनावला, "आइनश्टायगन!" गाडीत चढा.

आम्ही ७.१० ला सुटलो. बेकरी, सिग्नल. बेकरीतल्या बाईंनी दारातून हात हलवला. फाटकापाशी पोचलो तेव्हा तिथे कुणीही नव्हतं, म्हणजे सगळ्यात आधी आम्हीच होतो. सुजाताने व्हिडिओ कॉल लावला. मूर्तिजापुरात अकरा वाजून गेले होते. कोट घालून साहेब सव्वादहापासून फोनसमोर बसलेले होते.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मैत्रीने माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सात बत्तीस," ती मराठीत म्हणाली.

"नोंद कर."

तिने फूटपाथवर मांडी घातली, रजिस्टर उघडलं आणि आगमनाच्या रकान्यात एकेक आकडा गिरवून लिहिला. तिकडे साहेब उठून, ती पेन्सिल उचलेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. प्रशांत कुंपणाला टेकून झोपला होता.

समारंभ साडेनऊला होता. फाटक नऊला उघडलं.